मोटर पाहायला आलो होतो

चंद्रपूरबद्दल माझं मत तिथे पाय ठेवण्याआधीच वाईट होतं. पाय ठेवल्यावर ते पक्कं झालं, आणि आज तिथे चार उन्हाळे काढल्यावर, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही गावच्या मापाने चाळीस उन्हाळे काढल्यावर, त्यात काही बदल करावा असं मला वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला कोणी फितूर म्हणायला नको.

त्या शहराशी माझा संबंध आला तो बायकोमुळे. आरमोरीत एका लहानशा खासगी दवाखान्यात ती बारा वर्षं नर्स होती. लहानसा म्हणजे किती, तर एक पेशंट कुशीवर वळला की शेजारच्या खाटेवरचा खाली पडायचा. डॉक्टर बाहेरगावी गेले की सगळं हीच पाहायची, आणि डॉक्टर परत आले की सगळं त्यांनीच पाहिलं असं ठरायचं. मग चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातून तिला फोन आला. वॉर्डाची मुख्य नर्स, हाताखाली नऊ मुली. हो की नाही ते सोमवारी सकाळी सांगा म्हणाले. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती, आणि निवडून झालेला तांदूळ तिने तीनदा पुन्हा निवडला. त्यावरून तिला हे किती हवं आहे ते मला कळलं. माणूस मोटरी दुरुस्त करणारा असला तरी एवढं त्याला कळतं.

तिला रविवारीसुद्धा सुटी नव्हती. म्हणून शनिवारी मी एकट्याने जाऊन शहर पाहून यायचं ठरलं. मी नाही म्हटलं तर तीही नाही म्हणेल, असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. लग्नानंतर एवढी सत्ता माझ्या हाती पहिल्यांदाच येत होती, आणि ती कशी वापरायची ते मी जागच्या जागी ठरवून टाकलं. मला जायचं नव्हतं.

कामाची अडचण नव्हती. पंपाच्या मोटरीचं वाइंडिंग करणाऱ्याला कुठेही काम मिळतं; मोटर जळायची कुठे थांबत नाही. अडचण होती ती आरमोरीच्या आमच्या चौकातल्या पानठेल्याची. तिथल्या बाकाच्या उजव्या टोकाला मी संध्याकाळी बसलो की माणसं घरचा भात थंड होऊ द्यायची, पण उठायची नाहीत. पुराच्या पाण्यात मी विहिरीत उतरून मोटर काढली आणि मोटरीच्या आत एक वाम मासा कॉइल होऊन बसला होता, ही माझी गोष्ट तिथे लोकांनी निदान दोनशे वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी मासा हातभर वाढलेला असूनही कोणी आक्षेप घेतला नाही. असा समाज सोडून कोण जाईल?

निघताना ती म्हणाली, "मले तीनच गोष्टी सांगा. पाणी कसं आहे, दवाखान्यात पायी जाता येते का, अन् आजूबाजूचे लोक कसे आहेत. अन् थोडक्यात सांगा. तुमचं वाक्य लांबलं का मले समजते, खोटं सुरू झालं."

तिचं चुकत नव्हतं, म्हणून मी पिशवी उचलली.

आता पाहायचं कसं, हा प्रश्न. आमच्याकडे सोयरीक पाहायची तर सरळ जाऊन मुलगी दाखवा म्हणत नाहीत. आधी घरातला एक जाणता माणूस धुतलेला सदरा घालून एकटाच जातो आणि म्हणतो, तुमच्याकडे बैल विकायचा आहे असं ऐकलं. बैल नसला तरी चालतं, पुष्कळदा नसतोच. ओसरीवर बसायचं, पाणी मागायचं, तांब्या आतून घासलेला आहे का ते बघायचं, घरात माणसं किती, कोण कोणावर ओरडतं ते ऐकायचं, आणि बैल पसंत पडला नाही म्हणून उठून यायचं. माझे वडील या कामात पहिल्या नंबरचे. त्यांनी नापसंत केलेले बैल एका रांगेत उभे केले असते तर शेपूट आरमोरीत आणि शिंगं नागपुरात गेली असती. मी ठरवलं, शहरही असंच पाहायचं. आपण राहायला येणार आहोत याचा त्याला वाससुद्धा लागू द्यायचा नाही. कोणी विचारलंच तर बैलाच्या जागी जुनी मोटर.

सकाळच्या पहिल्या बसने गडचिरोली, मग वैनगंगेचा पूल, मग सावली आणि मूल ही गावं. मूल सुटून जंगल लागलं तशी बसमधली चंद्रपूरची मंडळी खिडकीला नाक लावून वाघ शोधायला लागली. रोज जाणारी-येणारी माणसं ही. शहरात उतरलो तर जिकडेतिकडे वाघच. भिंतीवर वाघ, चौकात वाघ; एका लस्सीच्या दुकानावर तर वाघ लस्सी पीत होता आणि त्याच्या मिशांना साय लागली होती. आमच्याकडे खरा वाघ धानाच्या बांधावर येऊन बसतो, त्याचं चित्र काढायला कोणी थांबत नाही.

सकाळचे साडेनऊ झाले होते आणि ऊन असं की कावळे उडायचं सोडून सावलीसावलीने चालत होते. बसस्टँडबाहेर एका म्हाताऱ्याने बिडी नुसती उन्हात धरली आणि ओढायला लागला. मला तक्रार उन्हाची नाही, उन्हाच्या मिजाशीची आहे. इथल्या माणसाला, गरम आहे बुवा, असं म्हणून बघा. त्याची छाती फुगते. पेपरात तापमानात आपला नंबर पहिला आला की यांचे चेहरे मुलगा बोर्डात आल्यासारखे होतात, आणि दुसऱ्या कुठल्या गावाने एका दिवसासाठी तो नंबर हिसकावला तर चहा कडू लागतो. वर कोळशाची धूळ. वडिलांच्या रिवाजाप्रमाणे मी पांढरा धुतलेला सदरा घालून गेलो होतो. अकराच्या सुमाराला त्याचा रंग राखी झाला आणि एका माणसाने मला, कोणत्या शिफ्टला आहात भाऊ, असं आपुलकीने विचारलं.

मधे तो कोट. शत्रू आत येऊ नये म्हणून गोंड राजाने बांधला, त्याला मी दोष देत नाही. त्याला स्कूटर माहीत नव्हती. पण आज सगळ्या शहराला जटपुरा गेटच्या एका दारातून घुसायचं असतं, आणि एकाच वेळी घुसायचं असतं. आज शत्रू आलाच तर तासभर एका मालवाहू रिक्षाच्या मागे उभा राहील, दोन शिव्या शिकेल आणि परत जाईल.

जेवायला एका खानावळीत बसलो. भात आला. मी धान पिकवणाऱ्या मुलखातला माणूस. भाताकडे पाहून त्याचं बांधावरचं बालपण सांगू शकतो. या भाताला बालपणच नव्हतं. मी मालकाला कोणत्या धानाचा तांदूळ म्हणून विचारलं, तर म्हणाला, पोत्यातला.

आणि मग पानठेला. ही खरी परीक्षा, हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. एका बऱ्या दिसणाऱ्या ठेल्यावर चार माणसं उभी होती. मी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला सांगितला आणि सहज बोलता बोलता वाम माशाची गोष्ट काढली. नवीन लोक म्हणून मासा मी नऊ हाताचाच ठेवला. मोटर वर काढली, बटण दाबलं तर मासाच गरागरा फिरून पाणी फेकायला लागला आणि मालकाचं दीड एकर भिजलं, इथपर्यंत आलो. आरमोरीत इथे माणसं मांडीवर थापा मारतात. इथे चारातले तीन मोबाइलमध्ये होते. चौथा म्हणाला, "हं."

नुसतं हं. मी खर्रा तोंडात न टाकता खिशात ठेवला. त्या हंवर माझा निकाल लागला होता. आता उरलेला दिवस फक्त पुरावा गोळा करायचा होता.

दवाखाना पाहिला. मोठा होता, स्वच्छ होता, म्हणून मी तिथे जास्त थांबलो नाही. फाटकापासून बायकोच्या चालीने चालायला लागलो. तिची चाल म्हणजे माझं पळणं. दोनदा थांबून दम खावा लागला. अकराव्या मिनिटाला एका विहाराच्या मागच्या गल्लीत निळ्या फाटकावर पाटी दिसली: वरची खोली भाड्याने देणे आहे. मी पाटी वाचली, अनोळखी माणसासारखा पुढे गेलो, वळलो, परत येऊन पुन्हा वाचली, आणि मग तिच्याशी आपला काहीच संबंध नाही असा चेहरा करून फाटक वाजवलं.

कूलरसमोर बनियानवर एक गृहस्थ बसले होते. जयभीम झाला. कोळसा खाणीतून रिटायर झालेले, मूळचे गोंडपिपरीकडचे. मी म्हटलं, आरमोरीहून आलो, तुमच्याकडे जुनी मोटर विकायची आहे असं ऐकलं. ते म्हणाले, टाकीवर पाणी चढवायची एक बारकी मोटर आहे, पण ती चालू आहे अन् विकायची नाही. मी म्हटलं, काही हरकत नाही, आलोच आहे तर बसतो. आणि पाणी मागितलं.

पाणी त्यांच्या बायकोने आणलं. मी रिवाजाप्रमाणे तांब्यात डोकावलो. आतून लखलखीत. पाणी प्यायलो. ते खारट असावं अशी माझी फार इच्छा होती. अर्धा तांब्या झाला तरी गोडच लागलं, म्हणून तळाशी तरी खारट असेल या आशेने उरलेलाही प्यायलो. मग विचारलं, घरात माणसं किती? तिघं, ते म्हणाले. आम्ही दोघं अन् एक मुलगी, पदवी झाली, सरकारी परीक्षेचा अभ्यास करून राह्यली. बाई दारातच उभी होती. तिने माझा सदरा पाहिला, माझ्याबरोबर कोणी नाही हे पाहिलं, रिकामा तांब्या पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. ती आत गेली.

मग आतून आवाज यायला लागले. डबे उघडले. शेंगदाणे तडतडले. शेजारची एक बाई मागच्या दाराने लिंबं घेऊन आली आणि गेलीच नाही. एक दार आपटलं, कोणीतरी "मी नाई येत" म्हणालं, आणि दुसऱ्या कोणीतरी दबक्या आवाजात बरंच काही म्हटलं. मी मनात हसत होतो. काय हे शहर. जुन्या मोटरीच्या गिऱ्हाइकासाठी पोहे करतात. एखाद्या दिवशी चोर आला तर त्याला श्रीखंड वाढतील.

पोहे आले. वर ओलं खोबरं, बाजूला चिवडा, एक बर्फी. मी खायला सुरुवात केली. मग चहाचा ट्रे घेऊन मुलगी आली, केसांवरून घाईने पाणी फिरवलेलं, डोळ्यांत असा राग की चहा पुन्हा उकळावा. ट्रे ठेवला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली. खिडकीत शेजारच्या दोन बायका उगवल्या. गृहस्थांनी मधल्या वेळात अंगात शर्ट चढवला होता. ते पुढे सरकून म्हणाले, "मंग, मुलगा काय करते भाऊ?"

तेव्हा मला कळलं. वडिलांनी आयुष्यभर नापसंत केलेले सगळे बैल एकदम माझ्यासमोर येऊन उभे राहिले. गोंडपिपरीकडच्या माणसाला कोण फसवणार? धुतलेला सदरा, एकटा माणूस, नसलेली मोटर, तांब्यात डोकावणं. यांनीही कधीतरी असेच बैल पाहिले असणार.

मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती तेव्हा सातवीत होती. एवढंच सांगायचं होतं. पण तोंडात पोहे होते, आणि घास गिळेपर्यंत मी पाहिलं की सगळं घर, खिडकीतल्या बायकांसकट, माझ्या तोंडाकडे पाहतंय. सकाळपासून या शहरात कोणी माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, इंजिनिअर आहे. आणि मग मला थांबता आलं नाही. धरणावर असतो म्हटलं. उंची अशी की आमच्या घराची चौकट दोनदा वर घ्यावी लागली. खर्रा नाही, सुपारी नाही, बडीशेपसुद्धा विचारून खातो. गेल्या पुरात वैनगंगेला पाणी असताना पलीकडच्या गावात औषध पोचवायचं होतं, नावाडी नाही म्हणाले, तर हा सायकल खांद्यावर घेऊन पाण्यात उतरला. मधोमध आला आणि वरून एक अख्खं मोहाचं झाड वाहत आलं, आणि झाडावर काय बसलेलं असावं? गृहस्थांच्या हातातला कप हातातच राहिला. खिडकीतली एक बाई दुसरीला म्हणाली, सरक जराशी.

"काका," मुलगी म्हणाली, "फाटकावरची पाटी तुमी दोनदा वाचली. मी वरून पाहून राह्यली होती. तुमाले खोली पायजे ना?"

मी म्हटलं, "हो." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लहान वाक्य असावं.

बाईने पुढे होऊन माझ्या हातातली बशी घेतली. त्यात दोन घास होते, तेही गेले. खिडकी रिकामी झाली. गृहस्थांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. मला वाटलं, आता फाटक दाखवतील, आणि खरं सांगायचं तर तेच मला हवं होतं. शहरातून हाकलून दिलं, यापेक्षा बरा पुरावा कुठला?

"म्हंजे मुलगा नाई?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"धरणावर नाई, अन् कुठीच नाई?"

"कुठीच नाई."

त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "ते राहू द्या," ते म्हणाले. "झाडावर काय बसलं होतं ते सांगा."

मी सांगितलं. अस्वल होतं. पोरगा, सायकल आणि अस्वल असे तिघे पलीकडच्या काठाला लागेपर्यंत अर्धा तास गेला, आणि त्यात गृहस्थ दोनदा उठून बसले.

खोली मुलीनेच दाखवली. आता तिचा राग पार गेला होता. दोन वर्षं घरचे रोज एक स्थळ आणतात, ती म्हणाली, आणि ती रोज नाही म्हणते. "आतापर्यंतच्या पोरांमधला हाच बरा होता. निदान तो अभ्यास सोड म्हणत नव्हता." खोलीबद्दल मी इथे सगळं लिहिलं तर कागद पेटेल. वरून पत्रे नाहीत, स्लॅब आहे, पण त्या स्लॅबवर दुपारी भाकर शेकता येते. खिडकीतून दूरच्या धुराच्या चिमण्या दिसतात आणि एक कडुनिंब, त्याचीही पानं काळी. मी सांगितलं की बायको त्या दवाखान्यात मुख्य नर्स होणार आहे, म्हणजे झाली तर. मुलगी म्हणाली, मॅडम येणार असतील तर आठ दिवस खोली कोणाला देत नाही. तुमचं काय ते तुम्ही पाहा.

परतीच्या बसमध्ये मी सगळं पाठ केलं. ऊन, धूळ, गेट, पोत्यातला भात, हं. असा जबरदस्त नकार आरमोरीत आजवर कोणी आणला नसेल.

घरी पोचलो तर बायको पुन्हा तांदूळ घेऊन बसली होती. महिनाभराचा तांदूळ तिने त्या दोन दिवसांत निवडून टाकला होता. मी चप्पल काढता काढताच सुरू केलं. कावळे सांगितले, बिडी सांगितली, लस्सी पिणारा वाघ सांगितला. तिची बोटं चालू होती, मान वर नाही. मला दम लागल्यावर तिने विचारलं, "पाणी?"

"गोड आहे."

"पायी?"

"अकरा मिनिटं. तुझ्या चालीनं नऊ."

"अन् लोक?"

तिची बोटं थांबली. इथे मला सगळं मोडता आलं असतं. वाईट आहेत, एवढे दोन शब्द पुरे होते. तिने ते मानलंच असतं, कारण थोडक्यात खोटं मी तिच्याशी कधी बोललोच नव्हतो. तिला तशा खोट्याची सवयच नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. सूप मांडीवर तिरपं झालं होतं आणि तांदूळ एका कडेला घसरत होता.

"ऐकतात," मी म्हटलं.

तिने सूप खाली ठेवलं. सोमवारी सकाळी फोन केला तेव्हा मी मुद्दाम बाहेर जाऊन एक मोटर पुढ्यात घेऊन बसलो, आणि आतून तिचा आवाज येत होता तोवर मोटरीचा एकही स्क्रू सोडवला नाही.

तर असा मी इथे, त्याच वरच्या खोलीत, आलो. शहर होतं तसंच आहे. सुधारायचा त्याचा विचार दिसत नाही. बायकोच्या हाताखाली आता नऊच्या तेरा मुली आहेत, आणि त्या तिला इतक्या घाबरतात की मला घरी बरं वाटतं. खालच्या मुलीने परीक्षा पास केली आणि ब्रह्मपुरीला नोकरीला गेली. तिच्या आईने अजून मला माफ केलेलं नाही. त्या दिवसानंतर आजतागायत मला त्या घरात नुसता चहा मिळतो. गृहस्थ मात्र रोज संध्याकाळी ऊन उतरलं की फाटकापाशी दोन खुर्च्या टाकतात, आताशा गल्लीतले चारपाच जण आपापली खुर्ची घेऊन येतात, आणि मी बसलो की ते विचारतात, "पोरगा काय म्हंते भाऊ?" मी सांगतो. चार वर्षांत त्याला तीन बढत्या दिल्या. मधे त्याची बदली चंद्रपुरात करून पाहिली, पण एका उन्हाळ्यात त्याची उंची तीन इंच कमी झाली, तेव्हा परवा त्याला हेमलकशाकडे पाठवून दिलं. आपण अडकलो ते अडकलो. पोराचे हाल कशाला?